जमीन जाताना आणि अटक होताना : सभासदाचे घटनेतील हक्क



ऊस नोंदी घेण्यासाठी आपल्या शेतकी खात्याची माणसे निघोजे, मोई, कुरुळी, महाळुंगे या बाजूला फिरतात तेव्हा त्यांना उसाच्या जातीपेक्षा दुसऱ्याच गोष्टी अधिक विचारल्या जातात. "सात-बाऱ्यावर शिक्का पडलाय, आता लागण करावी का नाही?" हा एक प्रश्न. "मोर्चात पोराचं नाव घातलंय, पोलीस दारात आले तर काय करायचं?" हा दुसरा. शेतकी खात्याच्या माणसाने यावर काय सांगावे? तो बिचारा बेण्याचे आणि खताचे सांगतो आणि पुढच्या गावाला जातो. तेव्हा या अंकात उसाचा विषय थोडा बाजूला ठेवून या दोन प्रश्नांकडे वळावे असे आम्ही ठरविले. वकिलाची जागा घेण्याचा आमचा विचार नाही. पण वकिलाकडे जाताना सभासदाने रिकाम्या डोक्याने जाऊ नये, एवढीच इच्छा.

आपल्या भागाला हा विषय नवा नाही. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आले. त्या प्राधिकरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यातल्या कित्येकांची हयात साडेबारा टक्के परतावा मागण्यात गेली. ते प्राधिकरण २०२१ साली विलीन झाले तरी मागणी शिल्लकच. पुढे महामंडळ इंद्रायणी ओलांडून चाकणकडे सरकले. आज निघोजे आणि शेजारच्या गावांच्या शिवारात मोटारींचे प्रचंड कारखाने उभे आहेत, आणि निघोजे येथल्या बंधाऱ्यातून इंद्रायणीचे पाणी उचलून पिंपरी-चिंचवडकरांसाठी चिखलीच्या शुद्धीकरण केंद्रात नेले जाते. जमीन गेली, पाणीही चालले. पण ज्यांच्याकडे दोन-चार एकर अजून आहेत ते ऊस लावतात आणि शिक्क्याकडे पाहत बसतात.

मालमत्तेचा हक्क कुठे गेला?

पुष्कळ सभासदांचा असा समज आहे की जमिनीवर आता शेतकऱ्याचा हक्कच उरला नाही, सरकारच्या मनात आले की संपले. हा समज कुठून आला तेही सांगितले पाहिजे, कारण त्यात अर्धे सत्य आहे.

१९५० साली घटना लागू झाली तेव्हा मालमत्ता बाळगण्याचा हक्क हा मूलभूत हक्क होता. एकोणिसाव्या कलमात तो होता आणि एकतिसाव्या कलमात भरपाईची हमी होती. पण लगेच जमीनदारी नष्ट करण्याचे कायदे आले, जमीनदार कोर्टात गेले, आणि १९५१ सालीच पहिली घटनादुरुस्ती करावी लागली. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षे सरकार आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यात या एका हक्कावरून ओढाताण चालली. भरपाई म्हणजे पूर्ण बाजारभाव की सरकार देईल ते, हा वादाचा गाभा. बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा खटला त्यातलाच, आणि १९७३ सालचा तेरा न्यायाधीशांपुढचा केशवानंद भारती खटलाही मुळात जमिनीवरूनच निघालेला.

यात एक गोष्ट आपण ऊसवाल्यांनी विसरू नये. जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा कायदा १९६१ साली महाराष्ट्रात झाला तो आपल्याच धंद्याला येऊन भिडला. खाजगी साखर कारखान्यांनी शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेल्या हजारो एकर जमिनी सरकारने काढून घेतल्या आणि १९६३ साली शेती महामंडळ काढून त्याच्याकडे दिल्या. कारखानदाराची जमीन गेली म्हणून कोणी रडले नाही. पण ज्या शेतकऱ्याने ती खंडाने दिली होती तो मूळ मालक खंडकरी मधल्या मध्ये अडकला आणि त्याच्या नातवांच्या हाती जमीन येण्याची सुरुवात व्हायला २०१२ साल उजाडले. बड्या धेंडावर उगारलेली काठी पुष्कळदा लहान माणसाच्या पाठीत बसते, ती अशी.

असो. १९७८ सालच्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून काढला आणि २० जून १९७९ पासून ३००-अ हे नवे कलम लागू झाले. त्याचा आशय एका ओळीचा आहे : कायद्याने दिलेल्या अधिकाराशिवाय कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. म्हणजे हक्क मेला नाही, त्याची जागा बदलली.

आणि आता त्याच ४४ व्या दुरुस्तीचा दुसरा भाग पाहा, जो सहसा कोणी सांगत नाही. आणीबाणीत मिसाखाली हजारो माणसे बिनचौकशी आत गेली. येरवड्याचा तुरुंग भरला होता हे आपल्याकडच्या जुन्या मंडळींना आठवत असेल. १९७६ साली सर्वोच्च न्यायालयानेच असा निकाल दिला की आणीबाणी असेतोवर बेकायदा अटकेविरुद्धसुद्धा कोर्टात दाद मागता येणार नाही. तो घाव ताजा असताना ही दुरुस्ती झाली, आणि तिने असे ठरविले की यापुढे आणीबाणी आली तरी विसावे आणि एकविसावे कलम, म्हणजे आरोपीची हमी आणि जीविताचा व स्वातंत्र्याचा हक्क, यांची अंमलबजावणी थांबविता येणार नाही. एकाच कागदाने जमिनीचा हक्क एक पायरी खाली उतरविला आणि माणसाच्या देहाचा हक्क एक पायरी वर चढविला. आम्हाला विचाराल तर, दोन्हींपैकी एकच निवडायची वेळ आली असती तर हाच क्रम बरोबर होता. जमीन गेली तर माणूस भांडायला मोकळा तरी राहतो.

कसणाऱ्यासाठी ठेवलेली फट

मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून गेला, पण त्याचा एक तुकडा तिथे अजून आहे आणि तो नेमका आपल्यासारख्यांसाठी आहे. ३१-अ कलमाला १९६४ साली सतराव्या दुरुस्तीने जोडलेले एक परंतुक आहे. एखादी जमीन माणूस स्वतः कसत असेल आणि ती कमाल मर्यादेच्या आतली असेल, तर तिला किमान बाजारभावाइतकी भरपाई देण्याची तरतूद कायद्यात असल्याखेरीज सरकारला ती घेता येत नाही. महाराष्ट्रात बारमाही बागायतीची कमाल मर्यादा १८ एकर, कोरडवाहूची ५४ एकर. आपल्या सभासदांपैकी या मर्यादेच्या बाहेरचे किती निघतील? बहुतेक सगळेच आत. मोठ्या भांडवलदाराला जी हमी घटनेच्या त्या भागात उरली नाही, ती दोन एकर कसणाऱ्याला आहे. मात्र अट 'स्वतः कसण्याची' आहे. पीकपाहणीत आपले पीक, आपली वहिवाट नीट लागली आहे का, हे बघणे म्हणूनच कंटाळवाणे काम समजू नये.

शिरवण्याच्या शेतकऱ्यांचा खटला

कलमे सांगून कोणाचे पोट भरत नाही, म्हणून एक खटला सविस्तर सांगतो. तो आपल्याच राज्यातला, आपल्याच महामंडळाविरुद्धचा आहे.

ठाणे जिल्ह्यातले शिरवणे गाव, आता ते नवी मुंबईत आहे. १९६४ साली औद्योगिक क्षेत्रासाठी तिथल्या जमिनीची संपादनाची पहिली अधिसूचना निघाली. ताबा घेतला गेला. पण काही शेतकऱ्यांच्या बाबतीत पुढची एकही पायरी झाली नाही. निवाडा नाही, मोबदला नाही. शेजाऱ्यांना पैसे मिळाले, यांना नाही. १९८१ साली पुन्हा अधिसूचना निघाली, तीही तशीच विरली. मधल्या काळात जमीन एका सरकारी संस्थेकडून दुसरीकडे गेली. शेतकरी निरक्षर. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत हेलपाटे घालीत राहिले, आणि प्रत्येक टेबलावर आश्वासन मिळे. शेवटी ते मुंबई उच्च न्यायालयात गेले तेव्हा 'फार उशीर केलात' म्हणून अर्ज फेटाळला गेला.

सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०१२ रोजी तो निकाल फिरविला. तुकाराम काना जोशी विरुद्ध महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ या नावाने तो प्रसिद्ध आहे. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे : मालमत्तेचा हक्क हा आता केवळ घटनेतला नव्हे तर मानवी हक्क आहे. कायद्याची प्रक्रिया न करता सरकारने जमीन दाबून ठेवली, ही चूक रोज नव्याने घडत आली आहे, मग शेतकऱ्यालाच उशिराचा दोष कसा देता? गरिबाला कळत नाही म्हणून त्याची जमीन फुकट घेण्याचा परवाना मिळत नाही. नव्याने संपादन करा आणि १९६४ च्या नव्हे, निकालाच्या सुमाराच्या बाजारभावाने पैसे द्या, असा आदेश झाला. जवळजवळ अठ्ठेचाळीस वर्षांनी.

याच वाटेने पुढे २०२० साली हिमाचल प्रदेशातल्या ऐंशी वर्षांच्या एका निरक्षर विधवेचा खटला निकाली निघाला. रस्त्यासाठी तिची जमीन १९६७-६८ साली घेतलेली, मोबदला नाही. सरकारचा बचाव काय, तर इतकी वर्षे ताबा आमचा, म्हणून वहिवाटीने मालकीही आमची! न्यायालयाने फटकारले की कल्याणकारी राज्याने आपल्याच नागरिकाच्या जमिनीवर असा वहिवाटीचा दावा सांगणे शोभत नाही. आपल्याकडे रस्ते, पाट, चाऱ्या यांत विनामोबदला गेलेल्या गुंठ्यांची संख्या थोडी नाही. त्या सभासदांनी हे दोन निकाल वकिलाच्या कानावर जरूर घालावेत.

आणि १६ मे २०२४ रोजी कोलकाता महापालिकेच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३००-अ या एका ओळीच्या कलमात काय काय सामावले आहे ते उकलून सांगितले. आधी नोटीस मिळाली पाहिजे, हरकत ऐकून घेतली पाहिजे, कारणांसह निर्णय कळविला पाहिजे, काम सार्वजनिक हिताचेच असले पाहिजे, वाजवी भरपाई मिळाली पाहिजे, सगळे वेळेत झाले पाहिजे, आणि शेवटी प्रकरण पुरे झाले पाहिजे, अर्धवट लोंबकळत ठेवता येणार नाही. यातला शेवटचा मुद्दा शिक्केवाल्यांच्या फार कामाचा आहे.

शिक्का, नोटीस आणि मयत खातेदार

आता शिक्क्याचे. महामंडळ जमीन घेते ते १९६१ च्या औद्योगिक विकास कायद्याखाली. त्यातले ३२ वे कलम महत्त्वाचे. त्याची मांडणी जरा उलटी आहे. आधी पोटकलम २ ची नोटीस येते : तुमची जमीन का घेऊ नये ते सांगा. त्यावर हरकती, सुनावणी. नंतर पोटकलम १ ची अधिसूचना राजपत्रात छापली जाते, आणि ज्या दिवशी ती छापली त्या दिवसापासून जमीन सरकारची. मोबदला हातात पडायच्या आधीच! पुढे ताबा सोडण्याची लेखी नोटीस. म्हणून सगळा जोर लावायचा तो पोटकलम २ च्या नोटिशीला उत्तर देताना. तोंडी नव्हे, लेखी, मुदतीत, आणि पोहोच घेऊन. विहीर, बोअर, पाइपलाइन, झाडे, गोठा, राहते घर, उसाचे उभे पीक, सगळे त्यात लिहून. "साहेबांना भेटलो, ते म्हणाले बघू," याला कोर्टात काडीची किंमत नाही.

पहिल्या नोटिशीने वा नुसत्या शिक्क्याने मालकी जात नाही. लागण करावी की नाही हा ज्याच्या त्याच्या धाडसाचा भाग, पण हक्क आहे.

नोटीस कोणाच्या नावाने येते? सात-बाऱ्यावर ज्याचे नाव त्याच्या. आणि आपल्या सात-बाऱ्यांवर कोणाची नावे आहेत? वडील जाऊन पंधरा वर्षे झाली, वारस नोंद नाही. चुलते वेगळे झाले, वाटप कागदावर नाही. बहिणींची नावे लावायची म्हटले की घरात अबोला. मग नोटीस मयताच्या नावाने निघते, तलाठी (आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) ती चावडीवर चिकटवतो, आणि कायद्याच्या दृष्टीने सगळ्यांना कळले असे धरले जाते. घटनेने दिलेला नोटिशीचा हक्क असा आपल्याच आळसात बुडतो. दिल्लीच्या कोर्टाने कितीही थोर निकाल दिला तरी फेरफार काही तिथले न्यायमूर्ती येऊन करणार नाहीत.

दुसरी गोष्ट संमतीची. दर वाटाघाटीने ठरवून करारावर सही केली की पैसे लवकर मिळतात, हे खरे. पण कराराने ठरलेल्या रकमेवर नंतर कोर्टात वाढ मागण्याचा दरवाजा सर्वसाधारणपणे बंद होतो. संमती न देता निवाडा झाला तर रक्कम 'हरकत राखून' स्वीकारावी, तसे लेखी लिहावे, आणि वाढीव मोबदल्यासाठी मुदतीत अर्ज करावा. दोन्हींत नफातोटा आहे. सही करणाऱ्याला आम्ही मूर्ख म्हणत नाही, मुलीचे लग्न आणि सोसायटीचे कर्ज कोणाला थांबत नाही. फक्त कशावर सही करतो ते वाचून करावी, किंवा वाचता येणाऱ्याकडून ऐकून घ्यावी.

जमिनीचा मालकच आरोपी होतो तेव्हा

या दोन हक्कांचा एकत्र विचार आम्ही का करतो? कारण पुणे जिल्ह्यात ते पुनःपुन्हा एकाच माणसाच्या वाट्याला आले आहेत. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली मावळे उठले, सेनापती बापटांनी पुढारीपण केले, आणि जमीन वाचविणारेच तुरुंगात गेले. त्या वेळी १८९४ चा भूसंपादन कायदा होता आणि त्यात मालकाची हरकत ऐकण्याचे कलमसुद्धा नव्हते. ते ५-अ कलम १९२३ च्या दुरुस्तीने आले. मुळशीकरांना त्याचा काय उपयोग, त्यांची गावे पाण्याखाली गेली.

९ ऑगस्ट २०११. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळाने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळातले शेतकरी बऊर गावाजवळ द्रुतगती महामार्गावर उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी ठार झाले, त्यांत एक बाई. त्यावर अधिक लिहिणे आमच्या लेखणीला जड जाते. आणि अगदी अलीकडे, २०२५ च्या मे महिन्यात, पुरंदर तालुक्यात विमानतळाच्या ड्रोन सर्वेक्षणावरून गावकरी व पोलीस यांच्यात झटापट झाली, गुन्हे दाखल झाले. हे तेच विमानतळ, जे आधी आपल्या चाकण-खेड भागात व्हायचे होते. तिथेही संपादन याच १९६१ च्या कायद्याखाली.

म्हणजे सकाळी जो भूधारक तो संध्याकाळी आरोपी. तेव्हा दुसऱ्या कागदाची माहिती हवी.

घटनेच्या बाविसाव्या कलमाप्रमाणे अटक करताना कारण सांगावे लागते, पसंतीच्या वकिलाला भेटू द्यावे लागते, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे लागते. विसाव्या कलमाप्रमाणे कोणाला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, एकाच गुन्ह्याबद्दल दोनदा शिक्षा होत नाही, आणि कृत्य केले तेव्हा जो गुन्हा नव्हता त्याबद्दल नंतर कायदा करून शिक्षा देता येत नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे इंग्रजांच्या काळापासून आहे. आता कायद्यांची नावे बदलली. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, पण या मुळांना धक्का नाही.

नव्या संहितेतल्या काही गोष्टी घरातल्या वडीलधाऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवाव्यात. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरळ अटक हा नियम नव्हे. अटक गरजेची नसेल तर हजर राहण्याची लेखी नोटीस द्यायची, आणि नोटिशीप्रमाणे माणूस हजर राहिला तर लेखी कारणाशिवाय अटक करायची नाही. साक्षीसाठी म्हणून बाईमाणसाला किंवा साठीपुढच्या पुरुषाला चौकीत बोलावता येत नाही, विचारायचे ते घरी येऊन विचारावे लागते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करायची तर अपवादात्मक कारण आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी हवी. मुंबईच्या कोठड्यांतल्या बायकांची दशा पाहून शीला बर्से या पत्रकार बाईंनी पाठविलेल्या पत्रावरून १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला स्त्रियांच्या वेगळ्या कोठडीचे व कायदेशीर मदतीचे आदेश दिले. एका पत्रावरून, बरं का.

६ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट पक्की केली : अटकेची कारणे लेखी द्यायची, आणि अटक झालेल्याला समजेल त्या भाषेत द्यायची. तिथल्या तिथे शक्य नसेल तर तोंडी सांगावीत, पण कोठडीसाठी कोर्टापुढे नेण्याच्या निदान दोन तास आधी लेखी प्रत हातात पडलीच पाहिजे. तसे झाले नाही तर ती अटक बेकायदा ठरते. इंग्रजी कागदावर अंगठा घेण्याचे दिवस गेले, निदान कायद्यात तरी.

आपल्याही दारातली गोष्ट

इथवर वाचून सभासद मान डोलावतील. आता थोडे कडू लिहायचे आहे.

२००३ साली जालना जिल्ह्यात शेतातल्या वस्तीवर एका कुटुंबावर अमानुष हल्ला झाला, माणसे मारली, बायकांवर अत्याचार झाले. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. खालच्या कोर्टाने फाशी दिली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेप केली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सांगितली. मग दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ रोजी, त्याच न्यायालयाने प्रकरण पुन्हा तपासून सगळ्यांना निर्दोष सोडले. वाचलेल्या बाईने सुरुवातीलाच पोलिसांच्या फोटोंतून दुसरेच चौघे ओळखले होते, आणि त्यांचा तपास झालाच नव्हता! सोळा वर्षे तुरुंगात गेली. प्रत्येकाला पाच लाख रुपये देण्याचा आदेश झाला. आणि खरे गुन्हेगार मोकळेच राहिले, हे त्या उद्ध्वस्त कुटुंबाचे दुसरे दुःख. आरोपीला हक्क दिले म्हणजे गुन्हेगाराला पाठीशी घातले, असे पारावर नेहमी बोलले जाते. त्यांनी या खटल्याचा विचार करावा.

गाळप हंगाम आला की आपल्या शिवारात तोडणीच्या टोळ्या येतात. कोपीत राहतात. मोटारीची केबल गेली, शेळी गेली, की पहिले बोट कोणाकडे जाते? आणि उचलीचे पैसे घेऊन मुकादम पळाला की काही ठिकाणी त्याच्या माणसाला 'बसवून ठेवतात', हे आपल्या धंद्यातले उघडे गुपित आहे. फसवणूक झाली असेल तर फिर्याद द्यावी, दावा लावावा. वाहनमालक बुडतो तेही खोटे नाही. पण माणूस कोंडून ठेवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. वेठबिगारीविरुद्धचे तेविसावे कलम तर सरकारइतकेच आपल्यालाही बांधते. डोळ्यांदेखत कोणी अजामीनपात्र दखलपात्र गुन्हा करताना सापडला तर सामान्य नागरिक त्याला पकडू शकतो, मात्र नव्या संहितेप्रमाणे सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावे लागते. मारण्याचा अधिकार त्यात नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुले पळविणारे समजून भिक्षेकऱ्यांपैकी पाच जणांना जमावाने ठेचून मारले. त्यांना चोवीस तासांची हमी कोणी द्यायची होती?

बांधाच्या भांडणाचेही असेच. दिवाणी दावा वीस वर्षे चालतो म्हणून भावाविरुद्ध फौजदारी ठोकायची, पोलिसांच्या दांडक्याने बांध सरकवायचा, ही वाट काहींना सोपी वाटते. उद्या तेच दांडके उलट फिरते.

घर पाडण्याविषयी

अलीकडे आणखी एक रीत निघाली होती. माणसावर गुन्हा दाखल झाला की दुसऱ्या दिवशी त्याच्या घरावर बुलडोझर. लोक टाळ्याही वाजवीत. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या खंडपीठाने, याला अटकाव केला. माणूस आरोपी आहे, किंवा दोषी ठरला आहे, एवढ्यावरून त्याचे घर पाडता येत नाही. बांधकाम बेकायदा असेल तर निदान पंधरा दिवसांची नोटीस, सुनावणी, लेखी आदेश. नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याच्या खिशातून भरपाई. घरात आरोपी एकटा राहत नाही. म्हातारी आई असते, पोरे असतात.

पण याला अपवाद आहेत तेही सांगतो, म्हणजे खोटी आशा नको. रस्ता, पदपथ, रेल्वे, नदी वा इतर जलाशय यांवरचे अनधिकृत बांधकाम आणि कोर्टाच्या आदेशाने पाडायचे बांधकाम यांना हे संरक्षण नाही. मे २०२५ मध्ये आपल्या शेजारी चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले ३६ बंगले पाडले गेले ते राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर. नदीकाठची जमीन गुंठ्यावर विकताना आणि घेताना हे ध्यानात असावे. विकणारा बहुधा आपल्यातलाच असतो.

वकिलाच्या फीची अडचण असेल त्यांच्यासाठी एवढेच. १९७८ साली होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळणे हा त्याचा हक्क मानला, आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने त्याची कायमची यंत्रणा झाली. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता ही मदत मिळते; इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. ही मदत फौजदारी खटल्यापुरती नाही, जमिनीच्या दाव्यालाही मिळते. खेड तालुक्यातल्या सभासदांनी राजगुरुनगरच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा. फोनवर चौकशीसाठी १५१०० हा क्रमांक देशभर चालतो. जाताना सात-बारा, आठ-अ, फेरफाराची नक्कल आणि आलेली नोटीस पाकिटासकट न्यावी, कारण पाकिटावरच्या पोस्टाच्या शिक्क्यावरूनही मुदत मोजली जाते.